त्रिमूर्तीनगरचा भूमितीचा क्लास: आकृतीशिवाय उत्तर नाही

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करतो. दिवसभर हातात गोल वस्तूच असतात, म्हणून पोरांसाठी भूमितीचा क्लास बघताना मी जरा जास्तच चौकशी केली. मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा दहावीला. दोघंही त्रिमूर्तीनगरात एक मॅडम घरीच शिकवतात, तिथे जातात. बाहेर पाटी नाही, पण क्लास मनापासून सांगण्यासारखा आहे.

दहावीचा गणित भाग 2 चा पेपर 40 गुणांचा. वर्तुळाची प्रमेयं पाठ करून पोट्टे पेपरला जातात आणि आकृती थोडी फिरवून दिली की अडतात. इथे पाठांतराआधी कंपास हातात घ्यावा लागतो. हाताने काढलेलं वर्तुळ मॅडम तपासतच नाहीत. स्पर्शिका, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी रेषा, दिसली की पहिलं काम ठरलेलं: केंद्र आणि स्पर्शबिंदू जोडा. तिथे काटकोन मिळतो आणि पुढचं गणित बऱ्याचदा पायथागोरसवर येऊन सुटतं. प्रत्येक पायरीसमोर कारण लिहायचं. उत्तर बरोबर आलं पण कारण नसलं, तर ती पायरी पुन्हा.

बाहेरच्या बिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान असतात, हे मुलाने तिथे कर्ण-भुजा कसोटीने स्वतः सिद्ध केलं. घरी येऊन मला समजावून सांगितलं, तेव्हा मी त्याला व्ही-ब्लॉक, म्हणजे गोल बार ठेवायचा V आकाराच्या खाचेचा ठोकळा दाखवला. 90 अंशाच्या खाचेत 50 मिमीचा बार ठेवला की खाचेच्या दोन्ही बाजू त्याच्या स्पर्शिका होतात. कोपऱ्यापासून दोन्ही स्पर्शबिंदू 25 मिमीवर येतात आणि केंद्र 25√2, म्हणजे साधारण 35.36 मिमीवर. त्याने लगेच आकृती काढली, मधे चौरस तयार होतो हे ओळखलं. पुस्तकातलं प्रमेय पोराला माझ्या कामात दिसलं, याचं मला फार मोल वाटतं.

अकरावीचं रेडियन मॅडम ज्या पद्धतीने शिकवतात, त्यासाठी मात्र त्यांना सलामच करावा. सूत्र नंतर येतं. आधी डब्याच्या झाकणाच्या त्रिज्येएवढा दोरा कापून तो काठावर लावायचा. सहा वेळा बसतो आणि थोडी जागा उरते, कारण पूर्ण फेरा 2π, म्हणजे सुमारे 6.28 त्रिज्यांचा. एक दोरा जेवढा कोन व्यापतो तो एक रेडियन, साधारण 57 अंश 18 मिनिटं.

मग त्यांनी दीक्षाभूमीचं गणित घातलं. स्तूपाचा व्यास 120 फूट, म्हणजे त्रिज्या 60. तळाचं वर्तुळ धरायचं आणि केंद्रापासून 100 फुटांवर उभं राहायचं. स्पर्शिकेची लांबी 80 फूट येते. केंद्रापाशी एका बाजूच्या कोनाचा कोसाइन 0.6, म्हणजे कोन सुमारे 0.927 रेडियन. दोन्ही बाजू मिळून 1.854. त्याला 60 ने गुणलं की समोर दिसणारा कंस सुमारे 111 फूट. अंशात केलं असतं तर 360 ने भागा, 2π ने गुणा, सगळं करावं लागलं असतं. मुलीने पुढे स्वतःच विचारलं, खूप लांब गेलं तर किती दिसेल? कितीही लांब गेलं तरी पूर्ण अर्धा परीघ दिसत नाही, फक्त त्याच्या जवळ जवळ जातो. असा प्रश्न पोरीला सुचला, यातच मला फी वसूल वाटली.

अडचणीही आहेत. खोली लहान आहे, उन्हाळ्यात एकाच कुलरवर सगळी बॅच बसते. वर्तुळाच्या धड्याला इतका वेळ जातो की शेवटी महत्त्वमापन घाईत होतं, त्याचा सराव घरीच करून घ्यावा लागतो. जेईईच्या वेगाने गणितं उडवायची असतील त्यांनी सीताबर्डीकडचे मोठे क्लास बघावेत, इथे एका आकृतीवर अख्खा तास जाऊ शकतो. फी मात्र त्यांच्या मानाने बरीच कमी आहे.

बॅच जूनच्या शेवटी, शाळांबरोबरच सुरू होते. आधी चार दिवस मुलाला नुसतं बसू देतात, मगच फीचं बोलतात. पाठवताना चांगला, नट घट्ट असलेला कंपास द्या.