आठ महिने रोज मेसेज डिलीट करतेय, वापरानंतरचा अनुभव (जरा मोठाच झालाय)

गणपती झाले आणि मी ठरवलं की फोनमधले मेसेज, म्हणजे साधे टेक्स्ट मेसेज, व्हॉट्सॲप नाही, एकदाचे साफ करायचे आणि पुढं साफच ठेवायचे. त्याला आता आठ महिने होत आले. सविस्तर लिहितेय कारण कुणालाही विचारलं तर दोन ओळीत सांगतात, बोट दाबून धर, डस्टबिनचं चित्र दाब, झालं. तेवढं मलाही येत होतं. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मात्र चुका करतच कळलं.

आधी कारण सांगते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या ह्यांचं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी, फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतो. हिशेब मी बघते म्हणून बँक, जीएसटी सगळं माझ्या नंबरला. घरचं लाइट बिल, गॅस, पोराचा क्लास, मामांची पेन्शन (मामा म्हणजे सासरे), तेही माझ्याच नंबरला. इनबॉक्समध्ये 11 हजाराच्या वर मेसेज आणि न वाचलेले 4 हजार. ऑगस्टमध्ये एका पार्टीचा चेक रिटर्न झाला, बँकेचा मेसेज त्याच दिवशी आला होता, खरं तो लोनच्या ऑफर आणि सेलच्या मेसेजमध्ये दबून गेला आणि मी तीन दिवसांनी बघितला. तोवर त्याच पार्टीचा दुसरा लॉट टेम्पोत भरून गेलेला. पैसे नंतर आले, खरं तो महिना पगाराला कशी ओढाताण झाली ते माझं मला माहीत. मेसेज आला होता आणि आपण बघितला नाही, हे मनाला फार लागलं.

आता एक गैरसमज आधी काढते, कारण मलाही तो होता. फोन भरला म्हणून मेसेज डिलीट करणार असाल तर काही उपयोग नाही. एक एसएमएस म्हणजे जास्तीत जास्त 140 बाइट, इंग्रजीत 160 अक्षरं आणि मराठीत फक्त 70 (काना मात्रा वेलांटी प्रत्येक वेगळी मोजतात, म्हणून मराठी मेसेज पटकन दोन-तीन तुकड्यांत जातो). माझ्या 11 हजार मेसेजचा नुसता मजकूर जोडला तर दीडेक एमबी होतो, म्हणजे रंकाळ्यावर काढलेला एक फोटो सुद्धा त्यापेक्षा मोठा असतो. पहिल्या रविवारी सात-आठ हजार मेसेज उडवून मी मोठ्या आशेने स्टोरेज बघितलं तर आकडा जवळजवळ हललाच नव्हता. जागा पाहिजे असेल तर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगचे फोटो काढा. मेसेज काढायचे ते कामाचा मेसेज डोळ्याला दिसावा म्हणून.

पहिली साफसफाई करायला दोन रविवार गेले. यादीत एका नावावर बोट दाबून धरायचं, मग बाकीची नावं टिक करत जायचं आणि डिलीट. इथंच माझी पहिली चूक झाली. यादीतून डिलीट केलं की त्या नावाखालचं सगळंच जातं, एक मेसेज नाही, पहिल्यापासूनचे सगळे. एकच मेसेज काढायचा असेल तर आत जाऊन त्या मेसेजवरच बोट दाबून धरायचं. बँकेच्या एकाच नावाखाली ऑफर पण होत्या आणि जमा-खर्चाचे मेसेज पण होते, मी वरची ऑफर बघितली आणि अख्खं नाव उडवलं. महिन्याभराने एका पार्टीने सांगितलं आम्ही जूनमध्येच एनईएफटी (बँकेतून बँकेत पैसे) केलंय, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर) बघा. कुठून बघणार? शेवटी शाखेत जाऊन स्टेटमेंट आणलं, त्यात यूटीआर होता आणि पार्टी खरं बोलत होती, मीच नोंद चुकवली होती. म्हणजे बँकेचा मेसेज गेला की सगळं गेलं असं नाही, खरा पुरावा स्टेटमेंटच. खरं अर्धा दिवस मोडला आणि पार्टीला उगाच दोन शब्द बोलले त्याचं वाईट वाटलं, फोन करून माफी मागितली.

ह्यात ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त आराम दिला ती म्हणजे ओटीपी आपोआप जाणं. गुगलच्या मेसेज ॲपमध्ये ही सोय भारतात 2021 ला आली, मला कळायला चार वर्षं लागली. वर आपला प्रोफाइल फोटो दाबला की मेसेजेस सेटिंग्ज, त्यात मेसेज ऑर्गनायझेशन, आणि तिथं ओटीपी 24 तासांनी डिलीट करा असं बटण. ते चालू केलं की एरवी जीएसटी भरायच्या आठवड्यात पंधरा-वीस ओटीपी साठायचे ते दुसऱ्या दिवशी दिसतच नाहीत. आठ महिने झाले, बटण चालूच आहे.

फक्त गॅसचा कोड वेगळा. सिलिंडर बुक केला की डिलिव्हरीचा कोड मेसेजमध्ये येतो, तो गाडीवाला दारात आल्यावर सांगायचा असतो, आणि गाडी काही त्याच दिवशी येत नाही. पहिल्याच आठवड्यात साफसफाईच्या नादात मी तो मेसेज ओटीपी समजून हातानेच काढून टाकला. गाडी आली, आत्या (म्हणजे सासूबाई) दारात उभ्या, "अगं कोड सांग की, त्यो थांबलाय", आणि माझ्याकडे काहीच नाही. एजन्सीला फोन करून कोड परत मागवला, गाडीवाला बिचारा दहा मिनिटं थांबला. तेव्हापासून कोड आला की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहायचा, मग मेसेज राहो नाहीतर जावो. घरात ज्यांना फोन बघता येत नाही त्यांनाही ते बरं पडतं, मी वर्कशॉपला असले तरी आत्या भिंतीकडे बघून कोड सांगतात.

आत्यांच्या फोनची गोष्ट पण सांगण्यासारखी आहे. मला बघून त्यांनीही सुरू केलं, मेसेज आला की बोटाने बाजूला सारायचा. "मी रोज पुसतो की गं सगळं", असं त्या अभिमानाने सांगायच्या. एकदा मी उघडून बघितलं तर सगळेच्या सगळे अर्काइव्हमध्ये पडलेले, साडेतीनशे नावं. बाजूला सारणं म्हणजे डिलीट नाही, तो मेसेज माळ्यावर ठेवल्यासारखा असतो, आणि त्या नावावरून नवीन मेसेज आला की जुने घेऊन परत खाली येतो. बाजूला सारल्यावर काय व्हावं हे सेटिंगमध्ये बदलता येतं, खरं आत्यांच्या फोनला मी मुद्दाम अर्काइव्हच ठेवलंय. चुकून काही सरकवलं तरी सापडतं. वयस्कर माणसांच्या फोनला मी तरी हेच करा म्हणेन.

जाहिरातींचं म्हणाल तर आता ओळखणं सोपं झालंय. 2025 पासून मेसेज पाठवणाऱ्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं, पी म्हणजे प्रमोशन, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन आणि जी म्हणजे सरकारी. मी रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं बसते, शेवटी पी दिसला की काढते, टी आणि जी ला हात लावत नाही, एस असेल तर वाचून ठरवते. खरं तुम्ही मागितलेली नाही अशी जाहिरात असेल तर आधी 1909 ला (नको असलेल्या जाहिरातींच्या तक्रारीचा नंबर) तक्रार करा आणि मगच डिलीट करा, कारण तक्रारीत मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख द्यावी लागते. त्याला आता 7 दिवसांची मुदत आहे, आधी 3 दिवस होती. मी डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) चालू करून मग राहिलेल्यांच्या तक्रारी टाकल्या, दोन-तीन महिन्यांत रोजचे वीस-पंचवीस होते ते चार-पाचवर आले. नुसतं डिलीट करत राहिलं असतं तर मी जन्मभर करतच बसले असते.

फसवणुकीचे मेसेज वेगळे. गाडीचं चलन थकलंय, ही फाइल उघडा, असा एक आला होता, खाली एपीकेची (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या फाइलची) लिंक. तो लगेच पुसून टाकायचा मोह होतो, भीतीच वाटते. तसं न करता लिंकला हात न लावता स्क्रीनशॉट काढायचा, सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथं कळवायचं, मग काढायचा. आणि पैसे गेलेच असतील तर काहीही डिलीट करायचं नाही, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी केलंय, अशा व्यवहारात बँकेकडून कळल्यापासून 3 कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही जबाबदारी येत नाही असं त्यात आहे. म्हणजे मेसेज आला की दिवस मोजायला सुरुवात. हे वाचलं आणि मला माझा ऑगस्टमधला तीन दिवस न बघितलेला मेसेज आठवला, पोटात गोळा आला. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, हेही त्याच परिपत्रकात आहे.

साफ इनबॉक्सचा खरा फायदा फेब्रुवारीत दिसला. मामांच्या खात्यातून 299 रुपये गेल्याचा मेसेज आला आणि मला तो पाच मिनिटांत दिसला. बघितलं तर पोराने आजोबांच्या फोनवर गेम घेताना ऑटोपे चालू करून ठेवलेलं, दर महिन्याला कटणार होते. त्याच संध्याकाळी यूपीआय ॲपमध्ये जाऊन बंद केलं. रक्कम छोटी आहे, खरं आधीसारखं असतं तर ते वर्षभर गेलं असतं आणि मामांनी पासबुक भरून आणेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

जाऊबाईंचा आयफोन आहे, त्यात मेसेज किती दिवस ठेवायचे ते एकदाच ठरवता येतं, 30 दिवस, 1 वर्ष किंवा कायम. आणि डिलीट केलेले रिसेंटली डिलीटेडमध्ये साधारण महिनाभर राहतात. त्यांना वाटलं 30 दिवस ठेवावं. मी म्हटलं वहिनी थांबा, ते नुसतं कंपन्यांच्या मेसेजला लागू होतं असं नाही, माणसांच्या मेसेजला पण होतं. त्यांनी मग 1 वर्ष पण नको म्हणून कायमच ठेवलं.

हे मी इतक्या ठामपणे सांगितलं त्याला कारण आहे. माझं माहेर प्रयाग चिखली. जुलै 2021 च्या पुरात नेट चालत नव्हतं, फोन लागत नव्हता, शिरोलीजवळ हायवे बंद, आणि आई-दादा तिकडे. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं. तेव्हा साधा मेसेज तेवढा अधूनमधून पोचायचा, कारण त्याला नेट लागत नाही आणि थोडी रेंज मिळाली तरी जातो. दादाचा मेसेज आला, "जनावरं सोनतळीला नेली. आई बरी हाय. लाइट न्हाई. फोन बंद ठेवतो." एका एसएमएसमध्ये बसेल एवढंच. त्यानंतर दीड दिवस काही नाही. मी तो मेसेज किती वेळा उघडून वाचला त्याला गणती नाही.

साफसफाईच्या दुसऱ्या रविवारी खालपर्यंत टिक करत गेले आणि त्यात दादाचा जुना नंबर पण टिक झाला होता. नाव सेव्ह नव्हतं, नुसता आकडा. डिलीट दाबायच्या आधी का कोण जाणे एकदा वर सरकवून बघितलं आणि शेवटचे चार आकडे ओळखीचे वाटले. हात गार पडले. त्या दिवशी पुढं काहीच डिलीट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी बॅकअप घेतला. एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर नावाचं ॲप आहे, ते सगळ्या मेसेजची एक एक्सएमएल फाइल करून ठेवतं, ती मी ड्राइव्हवर आणि वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर दोन्हीकडे ठेवली. हे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं. गेलेले मेसेज परत आणून देतो म्हणणारी जी ॲप असतात ती मी एनईएफटीच्या वेळी शोधली होती, ती लगेच मेसेज वाचायची परवानगी मागतात, आणि एकदा परवानगी दिली की त्यांना आपले ओटीपी पण दिसणार. जुना मेसेज मिळायचा लांबच, खातं मोकळं व्हायचं. अशा ॲपच्या वाटेला जाऊ नका. बॅकअप नसेल तर गेलेला मेसेज गेला असंच धरून चाला.

सध्या इनबॉक्समध्ये दोनशेच्या आसपास मेसेज आहेत, न वाचलेला एकही नाही. बँकेचे मेसेज मी दर मार्चनंतर स्टेटमेंटशी ताडून मगच आधीच्या वर्षाचे काढणार आहे, त्याआधी नाही. दादाचा तो जुना नंबर नावाने सेव्ह केलाय आणि सगळ्यात वर पिन केलाय, म्हणजे टिक करत जाताना परत चुकायला नको. पुढच्या महिन्यात फोन बदलायचाय, जुना एक्सचेंजला द्यायचा. आधी बॅकअपची फाइल नव्या फोनवर टाकून दादाचे मेसेज तारखेसकट दिसतात का बघणार, आणि मगच जुना फोन रिसेट करणार.