५ लाखांचा ठेव विमा: आईकडून ५ स्टार, सोसायटीकडून १

हा रिव्ह्यू अशा प्रॉडक्टचा आहे जे कोणी मागून घेत नाही, एजंट घरी येत नाही, पॉलिसीचा कागद मिळत नाही आणि तरी बँकेत खातं असलेल्या जवळपास सगळ्यांकडे ते असतं. डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, ठेव विमा: बँक अडचणीत आली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत परत. हप्ता बँक भरते, आपल्याकडून काही कापत नाहीत.

तर आमच्या गावातल्या एका अर्बन बँकेवर (नाव राहू दे) रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे पैसे काढणं बंद. रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला आणि सकाळी रांग पार चहाच्या टपरीच्या पुढे. गंमत म्हणजे रांगेतल्या निम्म्या लोकांचे दोन-तीन लाखच असतील, म्हणजे सगळे विम्यात बसणारे, पण सांगणार कोण? लोकांनी घाबरून धावू नये म्हणूनच तर ही सोय आहे ना. १९६० ला केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर कायदा झाला आणि १९६२ पासून हा विमा सुरू, तेव्हा मर्यादा होती फक्त दीड हजार! १९९३ ला १ लाख झाली ती २०२० ला ५ लाख होईपर्यंत तिथेच अडकली, २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं प्रकरण झालं तेव्हाही १ लाखच होती.

आईची एफडी व्याज धरून ४ लाख ३८ हजार. बँकेत फॉर्म भरला, आधार आणि दुसऱ्या बँकेचा खाते नंबर दिला, दोन चकरा झाल्या कारण आधारवर आणि पासबुकवर नावाचं स्पेलिंग वेगळं. पण पैसे ९० दिवसांच्या आत पूर्ण आले. हा ९० दिवसांचा नियम २०२१ चा, आधी बँक अवसायनात (म्हणजे कायमची बंद करून हिशेब मिटवायला) निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळायचेच नाहीत, वर्षानुवर्षं लोक थांबलेत. त्यामुळे आईकडून ५ स्टार, तिने पेढे पण वाटले.

आता सोसायटी. ४८ फ्लॅट, रिपेअर फंडाचे ३१ लाख त्याच बँकेत. मिळाले किती? ५ लाख. कारण सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, मागे ४८ घरं आहेत हे विमा बघत नाही. याउलट आई-बाबांचं जॉइंट खातं असेल, एकात आईचं नाव आधी आणि दुसऱ्यात बाबांचं, तर ती दोन वेगळी धरतात, दोन्हीला ५-५ लाख. हे मला आधी माहीत असतं तर... जाऊ दे.

आणि खरी भीती पुढेच आहे. समोरच्या पतसंस्थेचे पण पैसे त्याच बँकेत होते. तिलाही सोसायटीसारखेच ५ लाख, आणि तिच्या सभासदांना तर शून्य, कारण पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमाच नाही. आठवड्याभरात रांग रस्ता ओलांडून तिकडे गेली. एका बँकेचं दुखणं दुसरीकडे असंच पसरतं आणि नेमकं तिथेच हे कव्हर संपतं.

अजून एक खटकतं ते म्हणजे हप्ता. चांगली चाललेली बँक असो की रामभरोसे, २०२५ मध्येही १०० रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे सरसकट होते. सब घोडे बारा टके म्हणतात ते अक्षरशः हेच. जोखीम बघून हप्ता लावणार असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, बरं झालं, पण ६३ वर्षं लागली.

सोसायटीने आता हाताशी असलेले पैसे तीन बँकांत वाटलेत, खजिनदार वैतागलेत कारण तीन पासबुकं सांभाळायची. आई मात्र अजून रोज पिग्मीला ५० रुपये देते, त्याच समोरच्या पतसंस्थेत. काल एजंटला विचारलं, विमा आहे का हो याला? तो म्हणाला, "दादा, चेअरमन आपल्याच गल्लीतले आहेत की."