आरपीजी मेकर एमव्ही : खण पाच हजार, पाट्या मात्र आपणच लावायच्या

आरपीजी मेकर एमव्ही हे २०१५ मध्ये आलेले, भूमिका घेऊन खेळायचे कथाप्रधान गेम (आरपीजी) तयार करण्याचे जपानी सॉफ्टवेअर आहे. त्याची परीक्षणे बहुधा नकाशे, चित्रे आणि लढाईची पद्धत यांवरच थांबतात. मला मात्र त्यातील स्विच (चालू किंवा बंद एवढेच लक्षात ठेवणारा खण) आणि व्हेरिएबल (संख्या साठवणारा खण) यांच्या यादीविषयी लिहायचे आहे, कारण हौसेने सुरू केलेला गेम पुरा होतो की अर्धवट पडून राहतो, हे बरेचदा याच यादीवर ठरते.

नवा प्रकल्प उघडला की वीस स्विच आणि वीस व्हेरिएबल मिळतात; कमाल संख्या बदलून ती प्रत्येकी पाच हजारांपर्यंत नेता येते. खिडकीत डावीकडे वीस-वीसचे गट आणि उजवीकडे त्यांतील नावे, एवढीच मांडणी आहे. गटाला नाव देता येत नाही, आणि दोन ओळींच्या मध्ये नवी ओळही घालता येत नाही. प्रोग्रामच्या लेखी क्रमांक हीच व्हेरिएबलची खरी ओळख असते व नाव केवळ आपल्या सोयीसाठी असते, त्यामुळे नाव कितीदाही बदलले तरी बिघडत नाही. पण सत्तेचाळिसाव्या खणातील गोष्ट नव्वदाव्या खणात न्यायची म्हटली, तर ती वापरणारा प्रत्येक इव्हेंट, म्हणजे नकाशावरील पात्र, पेटी किंवा दरवाजा यांना जोडलेला आज्ञांचा संच, हाताने दुरुस्त करावा लागतो.

म्हणून आखणी पहिल्याच दिवशी करावी. मी पहिला गट तात्पुरत्या हिशेबांसाठी ठेवतो, पुढचे दोन मुख्य कथानकासाठी, आणि त्यानंतर प्रत्येक गावाला एक स्वतंत्र गट देतो. गटाची पहिली ओळ रिकामी सोडून तिथे गावाचे नाव रेघांमध्ये लिहितो. एक क्रमांक वाया जातो, पण पाच हजारांत त्याची काय मातब्बरी! सलग मांडणीचा आणखी एक फायदा असा की व्हेरिएबल बदलण्याच्या आज्ञेत एकाऐवजी क्रमांकांचा पल्ला देता येतो आणि एखाद्या कोड्याची बाराही व्हेरिएबल एका ओळीत शून्यावर आणता येतात. उघडलेल्या पेटीसारख्या बारीकसारीक गोष्टींसाठी तर या यादीला हातच लावू नये. प्रत्येक इव्हेंटला स्वतःचे ए, बी, सी आणि डी असे चार सेल्फ स्विच असतात, आणि नवखे लोक ते विसरून यादी फुगवतात.

शोधण्याची सोय बरी आहे, पुरेशी नाही. टूल्स मेनूतील इव्हेंट सर्चर स्विच किंवा व्हेरिएबल कोणत्या इव्हेंटमध्ये वापरले आहे ते दाखवतो, परंतु जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतील ओळीत लिहिलेला क्रमांक त्याच्या नजरेतून सुटतो. स्क्रिप्ट वापरणाऱ्याने त्यामुळे वेगळी वही ठेवलेली बरी. चाचणीच्या वेळी एफ९ दाबल्यावर उघडणारा पडदा मात्र मनापासून आवडला: तिथे दहा-दहाच्या गटांत चालू किमती दिसतात, स्विच जागच्या जागी बदलता येतो आणि बाणांनी व्हेरिएबलची किंमत एकेकाने कमी-जास्त करता येते. एखादा दरवाजा का उघडत नाही, याचा उलगडा बहुधा इथेच होतो. किंमत अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर आधी भागाकार तपासावा. एमव्ही व्हेरिएबलमध्ये संख्या ठेवताना अपूर्णांक खाली उतरवून पूर्णांकच ठेवते, त्यामुळे सातला दोनाने भागल्यास उत्तर तीन येते, आणि उणे सातला भागल्यास उणे चार.

शंभरभर नावे त्या खिडकीत एकेक करून टंकणे कंटाळवाणे आहे. ही सर्व नावे प्रकल्पाच्या डेटा फोल्डरमधील सिस्टम नावाच्या जेसन फाइलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात असतात आणि कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये क्रमाने भरता येतात. तेवढ्या वेळापुरता प्रकल्प बंद ठेवावा आणि फाइलची एक प्रत बाजूला काढावी, कारण उघडा असलेला प्रकल्प नंतर सेव्ह केला की जुनीच यादी पुन्हा लिहिली जाते.