न भरणारी जखम: पू तपासावा की तुकडा?

ऑपरेशनची जखम चिघळली की अंबाजोगाई असो वा उदगीर, पहिली चिठ्ठी पू तपासायची निघते. बोळ्यावर पू घेतला की झालं. दुखत नाही, स्वस्तात होतं, आणि जंतू असतील तर दोन-तीन दिवसांत कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल तेही कळतं. बहुतेक जखमांना एवढं पुरतं.

पण शुगर नाही, दुसरा आजार नाही, आणि औषध चालू असूनही कडा काळ्या पडत चालल्यात? मग बुरशीची शंका घ्यायलाच हवी. अपोफिसोमायसिस ही मातीतली बुरशी धडधाकट माणसालाही गाठते. अपघाताच्या, ऑपरेशनच्या, क्वचित इंजेक्शनच्या जागीसुद्धा. ती मांसात खोल शिरते, म्हणून वरवरचा बोळा फसवू शकतो. जखमेच्या कडेच्या मांसाचा तुकडाच (बायोप्सी) काढावा लागतो. भूल, थोडं रक्त, जास्त खर्च, सगळं मान्य. पण केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रुंद, फितीसारखे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात.

तुकडा सगळाच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे मांस टिकवायच्या द्रावणात, टाकला तर बुरशी मरते, कल्चर होत नाही, म्हणजे ती लॅबमध्ये वाढवून ओळखता येत नाही. थोडा सलाइनमध्ये वेगळा द्यावा, फ्रीजमध्ये ठेवू नये. चिठ्ठीवर 'बुरशीसाठी' असं ठळक लिहून घ्या. लातूर-संभाजीनगरच्या लॅबला न सांगता कसं कळणार?

काळ्या कडा दिसल्यावर पू पुन्हा तपासत बसणं मला पटत नाही. सडलेलं मांस काढणं आणि अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध, दोन्ही तिथे लवकर लागतं.