युरोफ्लो यंत्र : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या मूत्ररोग दवाखान्यात मी तंत्रज्ञ आहे, तिथे गेल्या ऑक्टोबरात वजनावर चालणारे युरोफ्लो यंत्र आले आणि तेव्हापासून ते जवळजवळ रोज माझ्या हाताखाली आहे. वर नरसाळे, खाली मोजपात्र आणि त्याच्या तळाशी वजन ओळखणारा लोडसेल, एवढाच त्याचा पसारा. एक मिलिलिटर लघवी साधारण एक ग्रॅम भरते, हे धरून पात्राचे वजन क्षणाक्षणाला किती वाढले यावरून यंत्र धारेचा वेग काढते आणि आलेख छापते.

मापनाच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. दर सोमवारी मी 400 मिलिलिटर पाणी मोजून ओतते आणि फरक पाच-सहा मिलिलिटरच्या पुढे क्वचितच जातो. अडचण आहे ती छापून येणाऱ्या आकड्याची. उमरेडकडच्या एका काकाजींच्या अहवालात कमाल वेग सेकंदाला 21 मिलिलिटर आला, म्हणजे निर्धोक. पण आलेख पाहिला तर धार आठाच्या वर गेलीच नव्हती आणि शेवटी सुईसारखे एक टोक तेवढे वर गेले होते. विचारल्यावर ते संकोचून म्हणाले, "उठताना काठी लागली जी भांड्याला." धक्का आणि धार यांतला फरक यंत्राला कळत नाही. एप्रिलमध्ये खोलीत कूलर लागला, तेव्हा तर कोणी आत नसतानाही रेषा थरथरत होती. कूलर भिंतीपासून सरकवून खाली रबर घातल्यावर ती शांत झाली.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक पंचाईत होते. सकाळच्या बसने उन्हातून आलेल्या रुग्णाची लघवी 150 मिलिलिटरसुद्धा भरत नाही आणि त्याखालच्या चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून आता मी आधी पाणी पाजते, नेहमीसारखी लघवी लागली की सांगा म्हणते आणि दार लावून बाहेर थांबते. दाराशी कोणी उभे असले की पुष्कळांना लघवी सुटतच नाही.

हे यंत्र अडथळा सिद्ध करत नाही, हे विकत घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. वेग 10 च्या खाली असला तर प्रोस्टेटने वाट अडवलेली असेल किंवा मूत्राशयाचा जोरच गेलेला असेल. मूत्रमार्ग आकसला असेल तर आलेख घंटेसारखा न येता बहुधा सपाट पठारासारखा येतो, तेवढी खूण मिळते. मधुमेहाच्या एका रुग्णाचा वेग 7 होता आणि सोनोग्राफीत 200 मिलिलिटरहून जास्त लघवी मागे उरलेली दिसली, त्यामुळे घरचे शस्त्रक्रियेच्याच तयारीने आले होते. डॉक्टरांनी मूत्राशयात आणि गुदाशयात बारीक नळ्या घालून दाब-प्रवाह चाचणी केली, तेव्हा कमाल धारेच्या वेळी मूत्राशयाच्या स्नायूचा दाब 22 सेंटीमीटर पाण्याइतकाच भरला. त्यातून वेगाची दुप्पट, म्हणजे 14, वजा केली की 8 उरतात. ही वजाबाकी 40 च्या वर गेली तर अडथळा आणि 20 च्या खाली राहिली तर अडथळा नाही, असे मानतात. दोष मूत्राशयाच्या ताकदीत होता.

यंत्राचा खरा दोष म्हणजे त्याचा थर्मल कागद, जो उन्हाळ्यात फायलीतल्या फायलीत फिका पडतो. विक्रेत्याकडे तीनदा तक्रार केली, पण उत्तर आले नाही. तेव्हापासून प्रत्येक आलेखाची मी त्याच दिवशी झेरॉक्स काढते. नव्याने घेणाऱ्याने मात्र आलेख संगणकावर साठवणारे मॉडेलच मागावे.