"कातळ लागला" सांगून १,४४,००० रुपयांना लुटलं, पायाची खोदाई करणाऱ्यांनी वाचा

डोकं अजून तापलेलंच आहे, पण लिहितोय, कारण आणखी कुणाचे पैसे असे जायला नकोत. खोदाईत कसं कापतात हे सगळेच ऐकून असतात, मीही होतो, म्हणूनच तर तासावर काम दिलं नाही, कारण तासावर दिलं की मशीन नुसतं चालू ठेवून उभं करतात आणि तास मात्र भरत राहतात. मी ब्रासवर दिलं, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. खड्डा ४० बाय ३०, खोली ५ फूट, म्हणजे ६,००० घनफूट, ६० ब्रास. १,२०० च्या भावाने ७२,००० होतात. कातळ लागला तर त्या मापाला तिप्पट भाव, ही अट सगळेच घालतात, मी काही जगावेगळं कबूल केलं नव्हतं.

तीन फूट खाली गेले आणि फोन आला, दादा कातळ लागला. जाऊन बघतो तर काठावर हा एवढा मोठा दगड काढून ठेवलेला. आणि त्या दगडाच्या एका अंगाला हिरवं शेवाळ होतं हो! तीन फूट मातीखाली, जिथं उजेड पोचत नाही, तिथं शेवाळ कुठून येणार? दगड बाहेरून आणून टाकला होता. शेवाळ डोळ्यासमोर होतं, हात लावून बघता आलं असतं. पण पीसीसीचं, म्हणजे पायाच्या तळाला टाकायच्या काँक्रीटच्या थराचं, मटेरियल येऊन पडलेलं, मजूर सांगून ठेवलेले, आभाळ भरून आलेलं, अशा घाईत दगड उलटापालटा करून कोण बघतं सांगा. दुसरं म्हणजे साइटवर ब्रेकर, म्हणजे मशीनला लावायचा दगड फोडणारा हातोडा, आलाच नाही. खरा कातळ साध्या बकेटने निघत नाही, ब्रेकर लावावाच लागतो. बकेटने ओरबाडून निघतोय तो मुरूम.

बिल आलं ते डंपरच्या खेपांवर. मातीच्या १५ खेपा, कातळाच्या १०, खेपेला ४ ब्रास. म्हणजे ६० ब्रास माती ७२,००० आणि ४० ब्रास कातळ १,४४,०००, एकूण २,१६,०००. खोदलेली माती फुगते, साधारण २०-३० टक्के, म्हणजे डंपरमध्ये मोजलं की ६० चे ७५ होणारच, पण १०० कसे होतील? डंपर अर्धवट भरून नेत होते. माप खड्ड्याचं घ्यायचं, डंपरचं कधीच नाही, हे कागदावर लिहून सही घ्या. मी विचारलं तर खोदाईवाला म्हणाला, पैसे द्या नाहीतर मशीन खड्ड्यातच राहील. दिले.

नंतर शेजारीच सेप्टिक टँकचा खड्डा मजुरांनी नुसत्या टिकावाने पाच फूट खणला. सगळा मुरूम. कातळाचा तुकडा नाही!

पोलिसांकडे गेलो तर हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पक्की पावती आहे का विचारतात, अरे खोदाईवाला कधी पक्की पावती देतो का? बांधकाम परवानगी ज्यांनी दिली त्यांच्याकडे गेलो तर ते म्हणतात आम्ही नकाशा बघतो, खोदाई आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येते? फी घेताना सगळे टेबल उघडे असतात. वकील म्हणाला कातळ नव्हता हे सिद्ध करा, आणि वर पीसीसी पडलेली, आता काय फोडून दाखवू? त्यामुळे पीसीसीच्या आधी तळाचे आणि चारही भिंतींचे फोटो टेप लावून काढा. कातळ म्हणाला की काम तिथंच थांबवा, इंजिनिअरला खड्ड्यात उतरवा, पहार मारून बघा.

आणि पाच फूट सांगून जास्त खोदून ठेवलं तर सुटी माती भरून लेव्हल करू देऊ नका, ती बसते आणि पाया खचतो, काँक्रीटच भरायचं.

तोच माणूस आता जवळच्याच प्लॉटवर मशीन घेऊन आलाय. त्या मालकांना सगळं सांगितलं, बिल आणि फोटो दाखवले. त्यांनी काठावर पडलेला दगड उलटा करून बघितला आणि काम थांबवलंय.