आरसा घासण्याचा १५० मिलिमीटरचा संच: साहित्य उत्तम, पुस्तिका घाईची

परावर्ती दुर्बिणीचा आरसा स्वतः घासायचा म्हणून मी हा संच घेतला. त्यात बोरोसिलिकेट काचेची १५० मिलिमीटर व्यासाची चकती, फरशीचे तुकडे बसवलेले प्लास्टरचे टूल (ज्यावर काच घासायची ती तबकडी), घासण्यासाठी ८० क्रमांकाच्या जाड कार्बोरंडमपासून ५ मायक्रॉनच्या बारीक पुडीपर्यंतच्या पुड्या, पॉलिशच्या टूलसाठी पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि पॉलिशची पूड म्हणून सेरियम ऑक्साइड मिळते. काचेची कड आधीच तिरपी घासलेली आहे, याचे मला विशेष समाधान वाटले, कारण कडेचा एखादा टवका उडून मध्ये अडकला, तर खोल ओरखडा पडतो.

१२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी (आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर) मध्यभागी जेमतेम १.१७ मिलिमीटर खोली लागते आणि ती ८० क्रमांकाच्या पुडीने सहज साधते. पुढच्या प्रत्येक पुडीला मात्र पुस्तिका एक तास ठरवून देते, आणि हे मला मुळीच मान्य नाही. काच आणि टूल सर्वत्र टेकत नसतील, तर बारीक पूड टेकलेल्या भागापुरतेच काम करते, बाकीच्या भागातले आधीच्या जाड पुडीचे खड्डे तसेच राहतात आणि पॉलिश करताना करडे डाग होऊन दिसू लागतात.

म्हणून १२० क्रमांकाची पूड संपल्यावर मी काच व टूल धुऊन कोरडे केले, काचेवर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारल्या आणि टूलवर ती अलगद पाच-सहा वेळा फिरवली. कडेच्या रेघा पुसल्या गेल्या. मधल्या जशाच्या तशा होत्या. याचा अर्थ मध्यभाग जास्त खोल गेला होता, आणि तो दोष माझ्या लांब स्ट्रोकचा होता. टूल वर घेऊन, व्यासाच्या एक तृतीयांश एवढेच स्ट्रोक मारत मी त्याच पुडीने घासत राहिलो. रेघा सगळीकडे सारख्या फिकट होईपर्यंत पुढची पुडी उघडली नाही. ओल्या पुडीवर काच ठेवून पाठीमागून पाहिल्यास हवेचे बुडबुडेही हेच सांगतात: मध्यभागी ते मोठे दिसले, तर तिथे फट आहे. पुस्तिकेत या दोन्ही चाचण्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

पिचच्या टूलबद्दलची माहिती मात्र नेमकी आहे, आणि ५ मायक्रॉनच्या पुडीने एकही ओरखडा पडला नाही. प्लास्टरवर पाणी रोखणारा लेप नसल्याने ते ओले होऊन भुसभुशीत झाले. मला वाळवून इपॉक्सी लावावे लागले. संच घेणाऱ्याने हे काम पहिली पूड टाकण्यापूर्वीच करून घ्यावे.